तीन एकर ऊस, दोन तऱ्हेची माती: एआय आधी कुठे लावायचं?

प्रश्न असा आला आहे. चिकोडी तालुक्यात तीन एकर ऊस. त्यातला दीड एकर दूधगंगेच्या अंगाला काळ्या रानात, दीड एकर माळाकडच्या मुरमाड रानात. विहिरीवर ५ एचपीची मोटर, पाच फुटी सरी, ड्रिप बसवलेलं आहे. बारामतीच्या एआय उसाबद्दल ऐकून मुलगा सेन्सर घेऊया म्हणतो. गावात फवारणीचं ड्रोन भाड्याने मिळायला लागलंय. ट्रॅक्टरला आपोआप चालणारं स्टिअरिंग बसवा, असं डीलर सुचवतोय. पैसे एकाच गोष्टीला पुरतील, तर आधी काय घ्यावं?

आधी मोटर आणि व्हॉल्व्ह आपोआप चालतील अशी व्यवस्था करा आणि तिला मातीतला सेन्सर जोडा. ड्रोन भाड्याने वापरा, विकत घेऊ नका. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग सध्या सोडून द्या.

या क्रमाचं कारण आपल्या रानांच्या आकारात आहे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव तालुक्यांत वाटण्या होत होत रानाच्या पट्ट्या झाल्या आहेत. पिकाची तब्येत सांगणारी बहुतेक ॲप्स सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं वापरतात, आणि त्याचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा, तेव्हा एक ठिपका साधारण एक गुंठा धरायला हरकत नाही. दीड एकराच्या चौकोनी रानात साठेक ठिपके बसतात आणि त्यातून काहीतरी कळतं. पण १५ मीटर रुंदीच्या लांबट पट्टीत जवळजवळ प्रत्येक ठिपक्यात शेजाऱ्याचं सोयाबीन, बांधावरचं गवत किंवा पाणंद मिसळलेली असते. ॲपमध्ये कडेला लाल पट्टा दिसला म्हणून लगेच युरिया टाकायला धावू नका, तो बहुतेक वेळा बांध असतो. दुसरी अडचण ढगांची. हा उपग्रह दर ५ दिवसांनी फिरून येतो खरा, पण जून ते सप्टेंबर ढग त्याला बघू देत नाहीत, आणि उसाची जोरात वाढ नेमकी त्याच महिन्यांत होते.

बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने जे उभं केलंय, त्यात उपग्रहाच्या जोडीला हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर आहेत, शिवाय सल्ला तपासणारी माणसं आहेत. मोबाईलवर नुसतं ॲप घेऊन त्यातलं एक बोटही हाती येत नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलं, पण आपला उतारा कर्नाटकचा आहे. आपल्याला एफआयडी, म्हणजे कर्नाटकचा शेतकरी ओळख नंबर काढून कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातूनच जावं लागतं. पलीकडच्या पाव्हण्याला जे अनुदान मिळालं ते इथे मिळेल असं धरून कोटेशनवर सही करू नका.

आता पाण्याचा हिशेब. तो केल्याशिवाय कुठलंही यंत्र घेऊ नका.

पाच फुटी सरीत एकराला साधारण २,६५५ मीटर लॅटरल, म्हणजे ओळीतली ड्रिपची नळी बसते. ४० सेंटीमीटरवर ड्रिपर धरले तर सुमारे ६,६४० ड्रिपर होतात. ड्रिपर ताशी २ लिटरचा असेल तर एकराला तासाला १३,३०० लिटर पाणी पडतं, म्हणजे जेमतेम ३.३ मिलिमीटर. एप्रिल-मेच्या उन्हात मोठ्या उसाची दिवसाची गरज ७ मिलिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे एकराला २८,३०० लिटर. त्याला २ तास ८ मिनिटं लागतात. गळती आणि कमीजास्त धरून २ तास २० मिनिटं धरा. तीन एकराला झाले ७ तास. वीज कंपनीची, हेस्कॉमची, थ्री फेज मिळते साधारण ७ तास, तीही दिवसा थोडी आणि रात्री थोडी. म्हणजे भर उन्हाळ्यात तुमच्याकडे एका मिनिटाचीही उसंत नाही. खत सोडणं, फिल्टर धुणं, मध्येच फेज जाणं, हे सगळं त्याच ७ तासांतून जायचं आहे.

एआय वीज निर्माण करत नाही, पण रात्री दोन वाजता आलेली वीज वाया जाऊ देत नाही. खरा फायदा तिथे आहे. आपल्याकडे १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत असल्यामुळे बिलात बचत दाखवणाऱ्या विक्रेत्याचं गणित इथे लागू पडत नाही. तुमची बचत तीन ठिकाणी होईल: रात्रीचं जागरण, विहिरीतलं पाणी, आणि काळ्या रानाचं चोपण होण्यापासून वाचणं. तिसरी गोष्ट पैशात मोजायची तर पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी आहे. कृष्णेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठची किती रानं जादा पाण्याने क्षारपड झाली, हे अथणी-रायबागकडे एक चक्कर मारली तरी डोळ्यांना दिसतं.

जोडणी अशी हवी. मोटरला फेज बघून चालणारा मोबाईल स्टार्टर. त्यात सिंगल फेजिंग (एक फेज जाणं), विजेचा कमी दाब आणि ड्राय रन (पाण्याविना मोटर चालणं) या तिन्हीपासून संरक्षण पाहिजे. वीज आल्यावर लगेच मोटर उचलणारा स्टार्टर नको, ९० सेकंद थांबून उचलणारा घ्या, कारण सगळ्या शिवारातल्या मोटरी एकाच क्षणी उचलतात आणि दाब कोसळतो. फिल्टरनंतर पाणी मोजायचं मीटर बसवा. त्यापुढे तीन व्हॉल्व्ह, एकराला एक, मात्र एकाच व्हॉल्व्हवर काळं आणि मुरमाड रान एकत्र येता कामा नये. दीड-दीड एकराची विभागणी असल्यामुळे मधल्या एकराचे दोन अर्धे व्हॉल्व्ह करावे लागतील, ते करा. मात्र अर्ध्या एकराचा व्हॉल्व्ह तसाच एकटा चालवू नका. मोटरचं सगळं पाणी त्याच्यावर आलं की दाब चढतो आणि लॅटरल निसटतात. दोन्ही रानांची पाळी असेल तेव्हा दोन्ही अर्धे बरोबर चालवा, आणि एकाच रानाची पाळी असेल त्या दिवसासाठी जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह मेन लाईनवर लावा.

मोटर आणि व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरला पाण्याची पाळी मिनिटांत नको, लिटरमध्ये द्या. कमी दाबाच्या दिवशी दोन तासांत पाणी कमी पडतं आणि मिनिटं मोजणाऱ्या यंत्राला त्याचा पत्ता नसतो. मध्येच वीज गेली तर राहिलेल्या लिटरपासून पुढे चालू करणारा कंट्रोलर पाहिजे. काही स्वस्त कंट्रोलर दर वेळी पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करतात. मग विहिरीजवळचं रान तुडुंब आणि टोकाचं कोरडं, असं महिनाभर चालतं आणि कारण सापडत नाही.

व्हॉल्व्ह बदलताना पुढचा आधी पूर्ण उघडायचा, मग २०-३० सेकंदांनी मागचा बंद करायचा. उलट केलं तर मोटर बंद पाइपावर धडकते, आणि पीव्हीसीचा जोड बहुतेक वेळा पहिल्या कोपऱ्यालाच फुटतो. आपोआप चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये पाणी जायचं एक अगदी बारीक भोक असतं. पावसाळ्यात गढूळ पाण्याचा गाळ तिथे बसला की व्हॉल्व्ह बंद व्हायचं विसरतो. ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि रानात पाणी चालूच. म्हणून मीटर हवाच: सगळे व्हॉल्व्ह बंद असताना मीटर फिरत असेल तर मोटर थांबवून मेसेज पाठवायचा, एवढी एक अट कंट्रोलरमध्ये घालून घ्या. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमध्ये ०.५ किलोपेक्षा जास्त फरक पडला की फिल्टर धुवा. हे सगळं बसवण्याआधी ड्रिप समान पडतंय का ते पाहा. सोळा ठिकाणी, म्हणजे चार लॅटरलवर सुरुवात, दोन मधली ठिकाणं आणि टोक अशा जागी, ड्रिपरखाली भांडं धरून ३ मिनिटं मोजा. २ लिटरच्या ड्रिपरला १०० मिली पडलं पाहिजे. टोकाला ७० मिली पडत असेल तर आधी लॅटरल धुवा, गरज असेल तर ॲसिड द्या. तसल्या ड्रिपवर सेन्सर बसवणं म्हणजे एका झाडाची नाडी बघून सगळ्या रानाला औषध देणं.

आता सेन्सर. बहुतेकांचे पैसे बुडतात ते इथेच, आणि तेही यंत्र वाईट निघतं म्हणून क्वचितच, पुरताना चूक होते म्हणून.

डब्यातून काढल्यावर आधी सगळे सेन्सर हवेत धरून आकडा लिहा, मग बादलीतल्या पाण्यात बुडवून लिहा. एकाच जातीच्या दोन सेन्सरांच्या आकड्यांत ठळक फरक असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा. जागा निवडताना बांधापासून किमान तीन-चार सऱ्या आत जा. पाण्याच्या टाकीजवळ किंवा झाडाखाली नको. उसाच्या ओळीत, ड्रिपरपासून १५-२० सेंटीमीटरवर. काळ्या रानात दोन खोलींवर लावा, एक २०-२५ सेंटीमीटरवर आणि दुसरा ४५-५० वर. मुरमाड रानात दीड फुटावर मुरूम लागत असेल तर खालचा सेन्सर एका फुटावरच ठेवा, कारण खड्यांच्या मधली हवा त्याला सतत कोरडं सांगत राहते.

सेन्सरच्या जाडीचाच गिरमिट वापरा. निघालेल्या मातीतले खडे वेचून तिचा दह्यासारखा गारा करा, भोकात ओता आणि सेन्सर हळू दाबत न्या, म्हणजे भोवती हवा राहणार नाही. वर माती दाबून छोटा उंचवटा करा, नाहीतर पावसाचं पाणी तारेच्या बाजूने थेट खाली उतरतं. पुरल्यानंतर १०-१५ दिवस आकड्यावर भरवसा ठेवू नका आणि कंट्रोलर हाताने चालवा. तोवर माती बसते, मुळ्या येतात.

मग त्याला आपल्या रानाचा वाफसा शिकवायचा. सेन्सरबरोबर येणारा टक्केवारीचा तक्ता कुठल्या तरी दुसऱ्याच मातीवर बनलेला असतो. सेन्सरभोवतीच्या दोन मीटर जागेत पोटभर पाणी द्या, दोन फूट खालीही ओल गेली पाहिजे. वर प्लॅस्टिक झाका. काळ्या रानात दोन-तीन दिवसांनी आणि मुरमाड रानात एका दिवसाने येणारा आकडा म्हणजे ‘भरलेलं’. फूटभर खालची माती मुठीत दाबून पाहा: गोळा व्हावा, हाताला ओल लागावी, पण बोटांतून पाणी निघू नये. तसं असेल तर आकडा बरोबर. त्यानंतर पाणी बंद ठेवून आकडा उतरू द्या. सकाळी दहाच्या आतच पानांची सुरळी व्हायला लागली तर तो ‘फार उशीर’ समजा. या दोन्हींच्या मधोमध पाणी सुरू करायचं. कंट्रोलरमध्ये हे दोन आकडे प्रत्येक रानासाठी वेगळे टाका. काळ्या रानासाठी काढलेला आकडा मुरमाडला दिला तर मोटर बंदच होणार नाही.

यापुढे आकड्यापेक्षा रेषेकडे बघा. प्रत्येक पाळीनंतर खालच्या सेन्सरची रेषा वर उडत असेल तर पाणी मुळांच्या खाली चाललंय, पाळीचे लिटर २० टक्के कमी करा. दोन आठवड्यांत ती एकदाही हलली नाही आणि हळूहळू उतरत राहिली तर पाणी कमी पडतंय. फक्त वरची रेषा उठते-बसते आणि खालची जवळजवळ सपाट राहते, हे उत्तम. भर उन्हाळा सोडला (तेव्हा दुप्पट पाळी सात तासांत बसत नाही) तर मुरमाड रानाला रोज थोडं, काळ्या रानाला एक दिवसाआड दुप्पट, अशी वाटणी बसते. महिन्याचं एकूण पाणी तेवढंच राहतं, निचरा होऊन जाणारं वाचतं.

बिघडतं ते असं. काळं रान तापून भेगाळलं की भेग सेन्सरला लागून जाते. त्याला हवा लागते, आकडा धाडकन खाली येतो आणि यंत्र पाणी ओतत सुटतं. म्हणून ‘दिवसाला जास्तीत जास्त इतके लिटर’ अशी मर्यादा कंट्रोलरमध्ये हवीच. उलट बाजूला, क्षार जास्त असलेल्या जमिनीत स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर ओल आहे त्याहून जास्त दाखवतो आणि ऊस तहानेला राहतो. पांढरा पोटॅश सोडल्यावरही आकडा उडी मारतो, ती ओल नसते. युरियाने तसं सहसा होत नाही. खताच्या पाळीनंतरचा एक दिवस यंत्राला निर्णय घेऊ देऊ नका. आणि ऊस दहा फुटांवर गेला की मध्ये पुरलेल्या यंत्राचा सिग्नल पानांतच अडकतो. जूनमध्ये चांगलं चाललेलं सप्टेंबरला मुकं होतं. अँटेना पहिल्यापासूनच १२-१४ फुटी पाइपावर उभी करा. वळवाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा भाग) आणि चांगलं अर्थिंग करा, नाहीतर मे महिन्यातला एक कडकडाट सगळं कार्ड जाळून जातो. केबल मोठ्या भरणीआधी टाकायची असेल तर ओळीतच, फूटभर खोल आणि पाइपातून टाका. सरीत टाकलेली केबल भरणीला तुटलीच म्हणून समजा.

ड्रोनबद्दल. उंच उसात माणूस पंप घेऊन शिरू शकत नाही, तिथे ड्रोन खरोखर कामाचं आहे. साधारण १० लिटरच्या टाकीत एक एकर होतो. हिशेब तपासून घ्या: ४ मीटरचा पट्टा आणि सेकंदाला ४ मीटर वेग धरला तर एकराला सव्वाचार मिनिटं लागतात, म्हणजे नोझलमधून मिनिटाला सुमारे २.४ लिटर पडायला हवं. उडवण्याआधी जमिनीवरच एक मिनिट बादलीत पाडून मोजायला लावा. एकराला औषधाचं प्रमाण तेच राहतं, पाणी मात्र १५०-२०० लिटरऐवजी १०, त्यामुळे द्रावण १५-२० पट तीव्र होतं. दोन औषधं मिसळायची असतील तर आधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. फाटलं, गाळ बसला किंवा बाटली गरम झाली तर टाकीत घालू नका. वारा सेकंदाला ३ मीटरच्या वर असेल तर काम थांबवा.

दोन गोष्टी ठाम सांगतो. उसातलं २,४-डी हे तणनाशक ड्रोनने मारू नका. निपाणी भागात शेजारी तंबाखू असते, अथणी-कागवाडकडे द्राक्षबाग. त्या औषधाचा वाऱ्यावर गेलेला थेंबही त्या पिकांची पानं आखडून टाकतो आणि मग भावकीत भांडणं लागतात. दुसरं, हुमणी मातीत असते, तिच्यासाठी वरून ड्रोनने मारलेलं औषध पानांवरच राहतं. तिथे आळवणीच, म्हणजे बुंध्याशी औषधाचं पाणी ओतणंच लागतं. पडलेल्या, गुंतलेल्या उसातही थेंब खालपर्यंत पोहोचत नाहीत. हे सांगूनही ऑपरेटर हो म्हणत असेल तर दुसरा शोधा.

ऑपरेटरकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विमा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. तुमच्या गावाला ती अडचण नाही. पण सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा, निलजी या बाजूच्या वाचणाऱ्यांनी आधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन साइटवरचा नकाशा बघावा. आणि रानावरून ११ केव्हीची लाईन जात असेल तर ऑपरेटरला घेऊन आधी पायी फिरा. सिग्नल तुटल्यावर ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढून घरी परततं, ती उंची तारांच्या वर ठेवलेली पाहिजे.

ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगबद्दल थोडक्यात. साधं जीपीएस दोन-तीन मीटर चुकतं, त्याने सरी पाडता येत नाही. आरटीके दुरुस्ती घेतली तर दोन-तीन सेंटीमीटरवर येतं, त्यासाठी बेस स्टेशन किंवा इंटरनेटवरून दुरुस्ती लागते, आणि रेंज गेली की ट्रॅक्टर भरकटतो. टपावरची अँटेना ३ मीटर उंच असेल आणि उताराने ट्रॅक्टर ५ अंश कलला तर जमिनीवर २६ सेंटीमीटरचा फरक पडतो. तो भरून काढणारा सेन्सर किटमध्ये नसेल तर माळाकडच्या रानात त्याचा काही उपयोग नाही. दीड-दीड एकरात निम्मा वेळ वळण्यातच जातो, आणि वळताना स्टिअरिंग माणसालाच धरावं लागतं. दहा-वीस एकर सलग पट्ट्यांवर लागण करून देणारा भाड्याचा ट्रॅक्टरवाला असेल तर त्याने ते बसवावं आणि तुम्ही त्याच्याकडून सरी मारून घ्यावी. पाच फुटी सरी सरळ आली तर पुढे तोडणीच्या मशीनला सोपं जातं.

पानाचा फोटो काढून रोग सांगणारी ॲप्स जरूर ठेवा, प्लँटिक्स मराठीत आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीही १५ ऑगस्ट २०२४ पासून सुरू आहे. पण खोडव्यातला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातला पिवळेपणा ॲपला हमखास चकवतो. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, आपल्या चुनखडीच्या रानात हे नेहमीचं आहे. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र. पूर्ण झाड, पानाची खालची बाजू आणि जवळचा फोटो, असे तीन फोटो सकाळच्या उजेडात काढा. औषध आणण्याआधी तेच फोटो कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाड कृषी विद्यापीठाच्या माणसांना दाखवा.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. वर्षाची वर्गणी संपल्यावर कंट्रोलर जागेवर हाताने चालेल का. इंटरनेट नसताना पाळी चालू राहील का. रानाची माहिती कुणाच्या नावावर राहील, आणि ती आपल्याला उतरवून घेता येईल का. बिघाड झाल्यावर किती दिवसांत माणूस रानात येईल. इशाऱ्याचे मेसेज मराठीत येतात का तेही बघा. मोटर जळतेय असा मेसेज घरातल्या मोठ्या माणसाला वाचता आला नाही तर तो पाठवून काय उपयोग? पहिल्या वर्षी तीन एकरांत जागोजागी सेन्सर लावू नका. काळ्या रानात एक जोडी आणि मुरमाडमध्ये एक जोडी सेन्सर पुरे.

तोडणीची टोळी यायच्या आधी वरचे खांब आणि यंत्राचे डबे काढून घ्या, आणि सेन्सरच्या जागा बांधापासून सऱ्या मोजून वहीत लिहा. तोडल्यावर पाचट जाळायचं नाही. सेन्सरची केबल जळते आणि वरच्या थराची ओलही जाते. बुडखे छाटून, बगला फोडून झाल्यावर नवीन भोक पाडून सेन्सर पुन्हा पुरा आणि वाफसा पुन्हा शिकवा. पाचट झाकलेल्या खोडव्यात माती हळू वाळते, त्यामुळे लागणीच्या उसात दोन पाळ्यांमध्ये ठेवलेलं अंतर तिथे तसंच चालवू नका.